गाठ आत की बाहेर? वृषणाची सोनोग्राफी काय सांगते

वृषणाला गाठ लागली की सोनोग्राफीकडून पहिले उत्तर हवे असते ते एवढेच: गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर? बाहेरच्या, म्हणजे अधिवृषणातल्या (वृषणामागच्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीच्या वेटोळ्यातल्या) वगैरे गाठी बहुतेक वेळा साध्या निघतात. आतली घट्ट गाठ मात्र, तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत, कर्करोगाचीच धरतात. भोवती पाणी साठले असेल तर हा फरक बोटांना कळत नाही, सोनोग्राफीला कळतो.

तपासणीत रुग्ण उताणा झोपतो. वृषणकोशाखाली टॉवेलची घडी ठेवतात. जेल कोमट हवे. गार जेल लागताच कोश आक्रसतो आणि वृषण वर सरकते. वृषण कातडीला लागूनच असल्याने १० ते १५ मेगाहर्ट्‌झचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा, हातात धरायचा भाग) चालतो. या लहरी खोलवर पोहोचत नाहीत, पण बारकावे टिपतात, आणि इथे खोल जायचेच नसते. आधी निरोगी बाजू पाहून तिच्याप्रमाणे यंत्र जुळवून घ्यायचे, मग गाठीची बाजू, शेवटी दोन्ही वृषणे एकाच चौकटीत.

निरोगी वृषण पडद्यावर एकसारखे करडे, बारीक रव्यासारखे दिसते. सेमिनोमा हा वृषणाच्या कर्करोगाचा एक प्रकार त्यात बहुधा एकजिनसी काळसर डाग म्हणून उठून दिसतो. इतर प्रकारांत पोकळ्या, पांढरे ठिपके असा गोंधळ असतो. तरी नेमका प्रकार ठरतो तो सूक्ष्मदर्शकाखालीच.

खरी फसगत पुढे आहे. डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, लहान गाठीत रक्तप्रवाह दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. यंत्रावरची वेगाची पट्टी (किती वेगाचा प्रवाह दाखवायचा ती मर्यादा) कमी केली नसेल तर मंद प्रवाह दिसतच नाही. जंतुसंसर्गाची सूज किंवा मार लागून साकळलेले रक्तही गाठीचे सोंग घेते. ते काही आठवड्यांत ओसरते, गाठ ओसरत नाही. म्हणून अँटिबायोटिक संपल्यावर पुन्हा सोनोग्राफी हवीच. ती टाळणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

कोशातून सुई घालून तुकडा काढत नाहीत. पेशी वाटेत सांडण्याची भीती असते. रक्तातील एएफपी, एचसीजी, एलडीएच या कर्करोगाच्या खुणा तपासून वृषण जांघेतल्या छेदातून काढतात. सीटी स्कॅन पोटाचा आणि छातीचा. पोटाचा का? वृषणे गर्भात मूत्रपिंडांजवळ तयार होऊन खाली उतरतात, त्यांच्या लसिकावाहिन्या मात्र मूळ जागीच पोहोचतात. त्यामुळे पसरलेला रोग आधी जांघेत नव्हे, तर कण्यापुढे, महाधमनीलगतच्या लसिकाग्रंथींत शोधावा लागतो.