कॅनडात संख्याशास्त्रज्ञाला परवाना लागतो?

वर्षानुवर्षं फिरणारा मजकूर: ‘भारतातली एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स कॅनडात शून्य. परवाना काढा, नाहीतर पुन्हा शिका.’

तसं नाही. डॉक्टरला तिथे परवाना लागतो, त्यावरून हा समज झाला असावा. संख्याशास्त्रज्ञाला लागत नाही; व्यावसायिक मानांकन आहे, पण ऐच्छिक. खात्रीसाठी कॅनडा सरकारच्या रोजगार संकेतस्थळावर ‘स्टॅटिस्टिशियन’ शोधा, प्रांत निवडा, पात्रतेचा भाग वाचा.

पदवीचं समतुल्यता मूल्यांकन (ती कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, याचा अहवाल) इमिग्रेशनसाठी 5 वर्षं चालतं. नोकरीची हमी ते देत नाही. स्थानिक अनुभव नसल्याची अडचण मात्र खरी. त्यावर तिथल्या जनगणनेच्या खुल्या नमुन्यावर (सर्वांना वापरता येणाऱ्या निवडक नोंदींवर) आर किंवा सॅस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये केलेलं विश्लेषण कोडसकट दाखवा. भारांक (नमुन्यातली एक नोंद किती लोकांच्या वतीने मोजायची तो आकडा) लावायला विसरलात तर लोकसंख्येचे अंदाज चुकतात, आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं.