क्रूझच्या मधल्या टर्नअराउंड पोर्टला खाली उतरायचंय? इन ट्रान्झिट कार्ड, व्हिसा, कागदपत्रं आणि परत चढायची प्रोसेस

लांबच्या क्रूझवर मधे एक दिवस असा येतो की सकाळी सहापासून पॅसेजमधे चाकांच्या बॅगांची खडखड सुरू होते, ब्रेकफास्टला लोक घड्याळ बघत खातात, ओळखी झालेले नंबर घेतात, आणि तुम्हाला कुठेच जायचं नसतं कारण तुमची ट्रिप अजून अर्धीच झालेली असते. हा टर्नअराउंड डे. जुने पॅसेंजर उतरणार, दुपारी नवे चढणार, मधल्या चार-पाच तासात चादरीपासून भाजीपर्यंत सगळं बदलणार. तुमच्यासारखे जे पुढे जाणार ते इन ट्रान्झिट.

आता यात गोम अशी आहे की तुमच्या डोक्यात ही एकच ट्रिप असते पण कागदावर त्या दोन सफरी असतात. दोन बुकिंग नंबर, दोन पॅसेंजर याद्या, दोन बिलं, बरेचदा दोन की कार्डं (केबिनचं दार उघडायचं आणि चढता-उतरताना मशीनला दाखवायचं कार्ड). त्या दिवशी जो काही घोळ होतो तो या जोडावरच होतो, म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं हा जोड नीट शिवून घेण्यासाठी आहे असं समजून वाचा.

इन ट्रान्झिट कोणाला धरतात

त्याच जहाजावर पुढच्या लेगचं (लेग म्हणजे या दोनपैकी एकेक सफर) बुकिंग कन्फर्म असेल, पैसे पूर्ण भरलेले असतील, दुसऱ्या लेगचं ऑनलाइन चेक इनही झालेलं असेल आणि पुढच्या सगळ्या देशांचे व्हिसा हातात असतील तर तुम्ही इन ट्रान्झिट. हे चेक इनचं बरेच जण विसरतात, पहिल्या लेगला केलं की झालं असं वाटतं, पण दुसऱ्या सफरीची यादी वेगळी असते आणि ती सरकारला आधी पाठवावी लागते. अमेरिकेत सुटणाऱ्या जहाजाची अंतिम यादी निघायच्या ६० मिनिटं आधी गेलेली असावी लागते, त्यामुळे पासपोर्ट नंबरमधे एक आकडा चुकला असेल तर तो आदल्या दिवशी सापडलेला बरा, जहाज सुटायच्या वेळी नाही.

एक लांब सफर एकाच बुकिंगमधे घेतली असेल आणि कंपनी तीच सफर तुकड्यांमधेही विकत असेल तरी तुम्ही इन ट्रान्झिटच, फक्त तुमचं कार्ड आणि चेक इन बहुतेक एकच राहतं. पण त्याच पोर्टवरून त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर जाणार असाल तर तुम्ही इन ट्रान्झिट नाही, बॅग घेऊन सगळ्यांसारखं उतरायचं आणि पलीकडे जाऊन नव्याने चेक इन करायचं.

यासाठी वेगळा अर्ज असा सहसा नसतो. एक-दोन दिवस आधी केबिनमधे एक पत्र येतं, त्यात कुठे जमायचं, किती वाजता, आणि सोबत इन ट्रान्झिट कार्ड, म्हणजे तुम्ही याच जहाजाने पुढे जाणार आहात हे दाखवणारं कार्ड. पत्र आलं नाही तर आदल्या संध्याकाळपर्यंत वाट बघत बसू नका, सरळ रिसेप्शनला जा आणि दोन्ही बुकिंग नंबर दाखवा. दोन लेग दोन वेगळ्या एजंटकडून घेतलेले असतील तर त्यांच्या सिस्टिमला तुम्ही दोन वेगळी माणसं वाटता, हे खरंच होतं.

अमेरिकेचं पोर्ट असेल तर

मायामी, फोर्ट लॉडरडेल, लॉस एंजेलिस, सिएटल, कुठलंही घ्या, तिथे झिरो काउंट म्हणून प्रकार आहे. म्हणजे नवे पॅसेंजर चढायच्या आधी जुन्या सफरीतला प्रत्येक पॅसेंजर जहाजावरून उतरून इमिग्रेशनसमोर गेलेला पाहिजे, यादीतला आकडा शून्य झाला पाहिजे. "मी केबिनमधेच झोपतो, मला बाहेर जायचंच नाहीये" हे इथे चालत नाही, इन ट्रान्झिटवाल्यालाही उतरावंच लागतं.

दोन रस्ते असतात. एक, ठरलेल्या लाउंजमधे जमायचं, स्टाफ सगळ्यांना ग्रुपने खाली नेतो, अधिकारी पासपोर्ट बघतात किंवा कॅमेऱ्यासमोर चेहरा जुळवतात, मग टर्मिनलमधे एका कोपऱ्यात बसायचं आणि जहाज क्लिअर झालं की सगळ्यात आधी तुम्हाला वर सोडतात. सगळं सुरळीत असेल तर तासाभरात परत केबिनमधे. दुसरा, सकाळी लवकर आपलं आपण उतरायचं, इमिग्रेशन करून शहरात जायचं आणि दुपारी बोर्डिंग सुरू झाल्यावर यायचं. यात फसायला होतं ते असं की मधल्या वेळात परत जाता येत नाही, साडेनऊला काहीतरी विसरलं म्हणून मागे वळलात तर झिरो काउंट होईपर्यंत बाहेरच उभं राहायचं. आणि हा काउंट अडतो कशामुळे, तर दोन-चार लोक निवांत कॉफी पीत बसलेले असतात. स्पीकरवर नावं पुकारतात तेव्हा आख्खं टर्मिनल त्यांची वाट बघत असतं, त्यात आपलं नाव नको एवढीच इच्छा.

अजून एक कायदा इथे आडवा येतो. १८८६ चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अॅक्ट. लोक याला जोन्स अॅक्ट म्हणतात पण तो १९२० चा, मालवाहतुकीचा. १८८६ वाला म्हणतो की परदेशी झेंड्याच्या (म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या) जहाजाने अमेरिकेच्या एका पोर्टवर पॅसेंजर घेऊन अमेरिकेच्याच दुसऱ्या पोर्टवर कायमचा उतरवायचा नाही, मधे एखादं 'दूरचं' परदेशी पोर्ट घेतलं असेल तरच चालतं. कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा आणि बहुतेक कॅरिबियन हे 'जवळचं' धरतात, अरुबा, बोनेअर, कुरासाओ मात्र दूरचं. मोठ्या क्रूझ जहाजांपैकी जवळपास सगळी परदेशी झेंड्याचीच आहेत त्यामुळे हे सगळ्यांनाच लागतं. उदाहरण घ्या, लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर एक लेग आणि त्याच जहाजावर व्हँकुव्हर ते अलास्कातलं सीवर्ड दुसरा. सुटे सुटे दोन्ही कायदेशीर, पण एकाच माणसाने लागोपाठ केले की तो लॉस एंजेलिसला चढून सीवर्डला उतरला असं होतं आणि नियम मोडतो. दंड कंपनीला होतो आणि कंपनी तो तुमच्याकडून वसूल करू शकते, म्हणून बुकिंग करतानाच दोन्ही लेगचे नंबर देऊन विचारून घ्या. वेबसाइटवर दोन्ही बुक झाले म्हणजे चालतंय असं समजू नका.

व्हिसा: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

जमिनीवरून प्रवास करताना बॉर्डर दिसते, समुद्रात दिसत नाही. बार्सिलोनाला चढलात तेव्हा शेंगेनमधे (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) एंट्री झाली, मग जहाज तुर्कस्तानात कुशादासीला गेलं म्हणजे शेंगेनच्या बाहेर, आणि टर्नअराउंड पिरेयसला म्हणजे ग्रीसमधे परत आत. ही दुसरी एंट्री. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर तो बार्सिलोनालाच संपला. म्हणून क्रूझसाठी शेंगेन काढताना मल्टिपल एंट्रीच मागायचा आणि अर्जाला दोन्ही लेगचं पोर्टवार वेळापत्रक एकत्र जोडायचं. फक्त पहिल्या लेगचं जोडलं तर दिवसही तेवढेच मिळायची शक्यता, मग अर्ध्या समुद्रात व्हिसा संपतो. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादाही आहेच.

नकाशा जुना असेल तर तपासून घ्या. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमधे आहे, म्हणजे डुब्रोव्हनिक आता 'बाहेर' नाही. रोमानिया आणि बल्गेरियाच्या समुद्री सीमा ३१ मार्च २०२४ पासून. माँटेनेग्रोतलं कोटोर, तुर्कस्तान, ब्रिटन, आयर्लंड, सायप्रस हे अजून बाहेरच. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटोची नवी एंट्री एक्झिट सिस्टिम सुरू झालीये, तेव्हा जुन्या ट्रिपमधे किती वेळ लागला होता त्या हिशोबावर जाऊ नका.

अमेरिका मधे आली की तिथेही तेच, कॅरिबियनला जाऊन परत आलात म्हणजे नवी एंट्री. सिंगापूरला प्रत्येक वेळी आत शिरताना एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, येण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत, आणि ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. जपानमधे क्रूझ पॅसेंजरसाठी २०१५ पासून खास उतरण्याची परवानगी आहे, ठरावीक जहाजांवर व्हिसाशिवाय उतरता येतं, पण तिची अट हीच की त्याच जहाजाने परत निघायचं. तुमची ट्रिप जपानमधेच संपणार असेल तर त्या परवानगीच्या भरवशावर राहू नका, रीतसर व्हिसा बघा.

आणि हो, "मी खाली उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला" हा युक्तिवाद टर्नअराउंड पोर्टला सहसा चालत नाही, कारण तिथे पहिली सफर कागदावर संपते. व्हिसा नसेल तर मुळात पहिल्याच दिवशी चढू देत नाहीत.

सोबत काय घ्यायचं

पासपोर्ट, मूळ. सफर संपल्यानंतर अजून सहा महिने व्हॅलिड असलेला, आणि कोरी पानं शिल्लक असलेला. काही मार्गांवर जहाजवाले पासपोर्ट सुरुवातीलाच काढून घेऊन ठेवतात, तसं असेल तर आदल्या दिवशी विचारा की तो उद्या हातात मिळणार का टर्मिनलवर. बाकी इन ट्रान्झिट कार्ड, दुसऱ्या लेगचं की कार्ड, दुसऱ्या लेगच्या बोर्डिंग पासची प्रिंट, व्हिसा वेगळ्या कागदावर किंवा जुन्या पासपोर्टमधे असेल तर तोही. लहान मूल एकाच पालकाबरोबर असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटराइज्ड संमतीपत्र. दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेच्या बाजूला जात असाल तर यलो फिव्हरचं सर्टिफिकेट, ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत दिसली तरी घाबरू नका.

की कार्डाबद्दल माझाच किस्सा. केबिन तीच राहणार होती म्हणून मी जुनं कार्ड खिशात टाकून खाली गेलो, नवं कार्ड पत्राच्या पाकिटात टेबलावर होतं, मला वाटलं ते असंच माहितीपत्रक असेल. दुपारी परत आलो तर मशीन लाल. पासपोर्ट बरोबर, माणूस बरोबर, पण ते कार्ड ज्या सफरीचं होतं ती सकाळीच संपली होती. चाळीस मिनिटं नव्या पॅसेंजरच्या रांगेत काढली. इन ट्रान्झिट कार्ड होतं म्हणून तेवढ्यावर भागलं.

उतरणं आणि परत येणं

अमेरिका सोडून बऱ्याच ठिकाणी जहाजावरच थांबता येतं किंवा हवं तेव्हा उतरता येतं, पण कधीकधी अधिकारी जहाजावर येऊन सगळ्यांना समोरासमोर बघतात आणि तेवढं झाल्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत. केबिन बदलणार असेल तर बॅगा भरून ठेवायच्या, हँगरवरचे कपडे तसेच राहू द्यायचे, स्टाफ हलवतो. पैसे, औषधं, कागद मात्र स्वतःजवळ.

साडेसात ते साडेनऊ ही उतरणाऱ्यांची गर्दीची वेळ, फिरायलाच जायचं असेल तर त्यानंतर निघालेलं बरं, टॅक्सीही पटकन मिळते. जाताना फळं, सँडविच, बुफेतलं काहीही घेऊन उतरू नका. न्यूझीलंडमधे न सांगितलेल्या एका सफरचंदालाही जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो, ऑस्ट्रेलियातही कडक आहे. पहिल्या लेगमधे घेतलेली दारू, सिगरेट, दागिने यांचं कस्टम्स डिक्लरेशन इन ट्रान्झिटवाल्यांनाही लागू शकतं, वस्तू केबिनमधेच राहणार असल्या तरी विचारून घ्या.

अंतर मोजून जा. रोम म्हणून जे पोर्ट लिहिलेलं असतं ते चिविताव्हेक्या आहे, रोमपासून ७०-८० किलोमीटर, ट्रेनने तासभर आणि वर स्टेशनपर्यंतचा वेळ. बँकॉक लिहिलं असेल तर बहुतेक लेम चबांग, पॅरिस लिहिलं असेल तर ल आव्र. तिथे टर्नअराउंडच्या दिवशी राजधानी गाठायचा हट्ट मला तरी पटत नाही, पोर्टचं गाव बघा आणि जेवून या. ऑल अबोर्डची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असायची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते, फोनच्या नाही, आणि टर्नअराउंडला ती सुटण्याच्या बरीच आधी असते कारण यादी बंद करायची असते. रोजच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा (त्या बंदरातला कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी) नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज चुकलं तर पुढच्या पोर्टला आपल्या खर्चाने जाऊन पकडायचं, तेही त्या देशाचा व्हिसा असेल तर.

परत येताना चेक इनच्या मोठ्या रांगेत उभं राहायचं नाही. इन ट्रान्झिट कार्ड हातात धरून स्टाफला विचारा, वेगळी वाट असते. सिक्युरिटी स्कॅन मात्र होतोच, आणि बाहेरून घेतलेली बाटली जमा करून शेवटच्या रात्री परत देतात, शेवटची म्हणजे तुमच्या दुसऱ्या लेगची. वर गेल्यावर पहिल्या लेगचं बिल बंद झालंय का आणि नव्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडलंय का ते बघा. वायफाय आणि ड्रिंक पॅकेज बहुतेक वेळा लेगबरोबर संपतं, उरलेलं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला खात्यात मिळालेली रक्कम) सहसा पुढे जात नाही, ते आदल्या रात्रीच संपवा.

राहिलं मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं (ते मस्टर स्टेशन) याची तालीम. कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या जानेवारी २०१२ च्या अपघातानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून नव्या पॅसेंजरचं ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या झालंच पाहिजे. तुम्ही नवे नाही, पण बऱ्याच कंपन्या इन ट्रान्झिटवाल्यांनाही परत करायला लावतात, खास करून केबिन बदललं असेल तर, कारण मस्टर स्टेशन बदलतं. नव्या की कार्डावर स्टेशनचा कोड छापलेला असतो, तो जुन्याशी ताडून बघा.