पवनचक्की थांबलेली दिसली म्हणजे बिघडलीच का?

साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडीच्या पठारावर हिवाळ्यात फिरायला गेलेल्यांचा ठरलेला शेरा: "अर्ध्या पवनचक्क्या बंदच! गिअरबॉक्स सारखे जातात म्हणे." (गिअरबॉक्स म्हणजे पात्यांची संथ फिरकी वीज बनवणाऱ्या जनित्रासाठी वेगवान करणारी दातेरी चाकांची पेटी.)

बंद का? या पठारांवर वाऱ्याचा खरा हंगाम पावसाळ्याचा. हिवाळ्यात वारा पडतो आणि सेकंदाला साधारण ३-४ मीटरपेक्षा कमी वेगात पवनचक्की वीज देतच नाही. उलट वेग २५ मीटरच्या आसपास गेला, तर ती स्वतःला वाचवायला मुद्दाम थांबते. वीजवाहिनी बंद असली तरी थांबते. यात बिघाड कसला?

गिअरबॉक्सची गोष्ट जास्त रंजक आहे. जर्मनीत १९८९ ते २००६ या काळात सुमारे १५०० पवनचक्क्यांच्या बिघाडांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. वरचेवर कुरकुरणारी निघाली ती विद्युत आणि नियंत्रण यंत्रणा. फ्यूज, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक कार्ड असली किरकोळ दुखणी. एक-दोन दिवसांत काम पुन्हा सुरू. गिअरबॉक्स त्या मानाने क्वचित जातो. पण गेला की आठवडा सहज मोडतो: सुटा भाग मिळवा, जड क्रेन वर चढवा, वारा शांत व्हायची वाट बघा. म्हणून नाव त्याचंच होतं.

त्यातही चाकांचे दात तुटण्याआधी बहुधा बेअरिंग झिजतं. तेलात सापडणारे धातूचे बारीक कण आणि बदललेली कंपनं याची चाहूल आधीच देतात; तपासणारा हवा. आणि काही पवनचक्क्यांना तर गिअरबॉक्सच नसतो. हिवाळ्यात थांबतात मात्र त्याही!