‘फेरी 2 – 1:12’ म्हणजे नक्की काय?

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातल्या शालेय स्पर्धांचे जुने तक्ते उघडले की ‘फेरी 2 – 1:12’ अशा धर्तीची ओळ कुठेतरी भेटते. तिचे चार अर्थ लागतात. दुसऱ्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीच्या दुसऱ्या तुकडीत, पहिला आलेल्याची वेळ. धावणाऱ्याला दुसऱ्या चकरेला लागलेला वेळ. दुसरी चक्कर पुरी झाली तेव्हा घड्याळात दिसणारा एकूण वेळ. आणि एक्सेलला विचाराल तर एक तास बारा मिनिटं. संगणकावरचं स्टॉपवॉच आल्यावर हा घोळ मिटेल असं वाटलं होतं. तो मिटला नाही, नीट रकान्यांत मांडला गेला एवढंच.

मूळ यांत्रिक घड्याळांत आहे, पण तिथे फार रेंगाळायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकात एकावर एक बसवलेल्या दोन सेकंदकाट्यांची घड्याळं आली. बटण दाबलं की एक काटा जागच्या जागी थांबायचा, दुसरा पुढे चालत राहायचा. जोडी फुटायची, म्हणून ‘स्प्लिट’. थांबलेल्या काट्यावर वाचायचा तो सुरुवातीपासूनचा वेळ. पुन्हा दाबलं की मागे राहिलेला काटा उडी मारून जोडीदाराला गाठायचा. म्हणजे स्प्लिट हा मुळात एकूण वेळ, आणि लॅप त्या एका चकरेपुरता. घड्याळासोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत बहुतेक वेळा हाच भेद पाळलेला असतो.

धावणाऱ्यांनी मात्र शब्द उलटा करून टाकला. दुसरा अर्धा टप्पा पहिल्यापेक्षा कमी वेळात काढला तर त्याला ‘निगेटिव्ह स्प्लिट’ म्हणतात; इथे स्प्लिट म्हणजे तुकडा. 4×400 रिलेत एखाद्याचा स्प्लिट म्हणजे त्याच्या वाट्याच्या 400 मीटरचा वेळ, इथेही तुकडाच. तलावावर दर 50 मीटरला भिंतीला स्पर्श झाला की दोन्ही आकडे लिहितात आणि दोन्हींना स्प्लिटच म्हणतात. हातातल्या स्वस्त डिजिटल घड्याळांनी यात भर घातली. एकाच बटणावर एका कंपनीने ‘लॅप’ छापलं, दुसरीने ‘स्प्लिट’, आणि घड्याळ थांबलेलं असताना तेच बटण सगळं शून्यावर नेतं. पोरानं उत्साहात एकदा जास्त दाबलं की शर्यत पुन्हा पळवण्यावाचून उपाय नाही, आणि पळालेली मुलं पुन्हा पळायला तयार होत नाहीत.

आपल्याकडे त्यावर आणखी एक थर आहे. मराठीत ‘पहिली फेरी’ म्हणजे पहिली चक्करही आणि प्राथमिक फेरीही. कन्नडमध्ये ‘मोदलने सुत्तु’चंही नेमकं तेच. दोन्ही भाषांच्या मुलांना कळावं म्हणून लाऊडस्पीकरवर ‘राऊंड’ म्हणायला लागलो, तर इंग्रजी राऊंडलाही तेच दोन अर्थ. तीन भाषांच्या या मुलखात तिन्ही भाषांनी एकाच ठिकाणी दगा द्यावा, हे दुर्मीळच. मैदानावर उभ्या माणसाला अडचण येत नाही. ‘किती राऊंड झाले बघ की’ म्हटलं की समोर पळणारा दिसत असतो. अडचण येते ती कागद घरी गेल्यावर, त्याहून जास्त फाईल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर. हीटसाठी ‘गट’ लिहायचं आणि ‘फेरी’ फक्त चकरेसाठी ठेवायची, हा साधा तोडगा आहे. मी तोच पाळतो. पण गट म्हटलं की वयोगट समजणारेही असतात, हे मान्य करायला हवं.

मग संगणक. इथे मला जास्त माहिती आहे ती 1998 नंतरच्या काळाची, कारण तेव्हा गल्लोगल्ली उघडलेल्या क्लासांत व्हिज्युअल बेसिक 6 ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे आणि स्टॉपवॉच हा ठरलेला सराव असायचा. फॉर्मवर, म्हणजे प्रोग्रामच्या खिडकीत, टायमर टाकायचा, दर 10 मिलिसेकंदांनी सेकंदाचा एक शतांश वाढवायचा, झालं घड्याळ. दिसायला झकास, चालायला खोटं. विंडोज 98 वर तो टायमर साधारण 55 मिलिसेकंदांनी एकदा हलायचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम 18 वेळा. ही मर्यादा 1981 च्या पहिल्या पीसीच्या टिकटिकीतून आलेली. एक्सपीच्या जमान्यात टिकटिक 15.6 मिलिसेकंदांवर आली, तरी सेकंदाला 64 च. आता हिशेब करा: दर टिकटिकीला एक शतांश मोजणारं घड्याळ खऱ्या 72 सेकंदांना 46 सेकंद दाखवणार. 400 मीटरची चक्कर 46 सेकंदांत म्हणजे राष्ट्रीय विक्रमाच्या जवळपास, तेही चुन्याच्या रेघांवर, अनवाणी. अशी वेळ पाहून कुणी टाळ्या वाजवल्या असतील तर त्यांचा दोष नाही.

यावरचा इलाज तेव्हाही होता. टिकटिकी मोजायच्या नाहीत, सुरुवातीची वेळ टिपायची आणि बटण दाबल्यावर आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची. आजची बहुतेक ॲप हेच करतात, त्यासाठी प्रोसेसरचा सूक्ष्म मोजणारा काउंटर वापरतात, आणि पडद्यावरचे शतांश फक्त डोळ्यांसाठी पळत असतात. शतांशाचा मोह मात्र सुटत नाही. हाताने घेतलेली वेळ ट्रॅकवर पुढच्या दशांशावर न्यायची, असा ॲथलेटिक्सचा नियम आहे: 72.41 असेल तर 72.5. बोटाला बटणापर्यंत पोहोचायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, त्यामुळे नियम शहाणा आहे. तरी पडद्यावर 72.41 दिसलं की तक्त्यात 72.41 च उतरतं, आणि दोन शतांशांवरून पालक भांडतात.

विंडोजमध्ये फेऱ्या दाखवणारं घड्याळ 8.1 पासून, म्हणजे 2013 साली, आयतं आलं. मॅकवर स्वतंत्र घड्याळ-ॲप 2022 मध्ये. त्याआधी जो तो कुठून तरी फुकटातलं ॲप पेनड्राइव्हवर आणायचा. त्या सगळ्यांत लोकांची गफलत एकच: यादी दिसते म्हणजे ती जपली गेली, हा समज. बहुतेक ॲपांत यादी मेमरीत असते. रीसेट दाबा, खिडकी बंद करा किंवा लाईट जाऊ द्या, शर्यत झालीच नाही असं होतं. लाईट जाण्याचा अनुभव मी स्वतः घेतलाय. शाळेच्या ऑफिसातला डेस्कटॉप व्हरांड्यात आणून ठेवलेला, यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली, आणि मुलींच्या 800 मीटरची दुसरी चक्कर चालू. त्या दिवशीचा निकाल एका पीटी सरांच्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेला होता म्हणून वाचला.

फाईल निघते तिथे ती सहसा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल, असते, आणि ती उघडणारा एक्सेल. 1:12.40 हे एक्सेल मिनिट-सेकंद म्हणून वाचतो, पण नुसतं 1:12 दिसलं की तास-मिनिट. दोन्ही एका रकान्यात असले आणि क्रम लावला, की नेमकी पूर्ण सेकंदावर संपलेली चक्कर साठपट हळू ठरून तळाला जाते. 0:01:12 लिहा किंवा सरळ 72.00 सेकंद लिहा, भानगड संपते. नावांचं दुखणं वेगळं. आधी मराठी नावं श्रीलिपीच्या आणि कन्नड नावं नुडीच्या फॉन्टमध्ये टाइप व्हायची, दुसऱ्याच्या संगणकावर दोन्हींची सारखीच रद्दी व्हायची. युनिकोड आल्यावर हे संपलं म्हणतात, पण सीएसव्ही यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोडच्या साठवणीत, नीट साठवली नाही तर एक्सेल आजही तसाच चिखल दाखवतो.

साठवायचं काय, लॅप की एकूण, यावर मी तटस्थ नाही. एकूणच साठवावं. 400 मीटरच्या ट्रॅकवर 1600 मीटर पळणाऱ्याचे एकूण आकडे धरा: 1:20, 2:44, 4:10, 5:31. यातून फेऱ्या कधीही काढता येतात: 80, 84, 86, 81 सेकंद. उलट फक्त फेऱ्या लिहिल्या आणि उतरवताना एक आकडा चुकला, तर शेवटचा निकालच बिघडतो. एकूण लिहिताना मधला आकडा चुकला तरी 5:31 शाबूत राहतो. दुसरं, एकाच घड्याळावर बारा मुलं रेषेवर येतात आणि आपण प्रत्येकाला एकदा बटण दाबतो, तेव्हा ‘लॅप’चा रकाना दाखवतो तो दोन मुलांमधलं अंतर. तो निकाल म्हणून लावलेला मी पाहिलाय. तिसरा आलेला 0.8 सेकंदांत पळालेला.

लॅपवाल्यांचंही म्हणणं आहे: पोराला तिसऱ्या फेरीत ढिला पडलास हे एका नजरेत दिसलं पाहिजे. खरंय, पण ते सरावाच्या वहीचं काम.

गेल्या काही वर्षांत हे घड्याळ शाळेपेक्षा सैन्यभरतीच्या पोरांकडे जास्त आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे खानापूरपासून चिकोडीपर्यंत पहाटेच्या रस्त्यावर 1600 मीटरच मोजले जातात. 5:30 च्या आत आलं तर 60 गुण, 5:45 पर्यंत 48, हे अग्निपथच्या आधीपासून पाठ. वरच्या उदाहरणातला 5:31 म्हणजे एका सेकंदाने 12 गुण गेले. गावच्या मैदानाची चक्कर 400 नव्हे, बऱ्याचदा 200 मीटरची असते. तिथे आठ फेऱ्या, दर फेरीला 41.25 सेकंद. फाईलमध्ये मैदान किती मीटरचं ते लिहिलं नसेल तर 41 चा आकडा पाहून एक हुरळेल, दुसरा मुलाला आळशी ठरवेल.

राहिलं फाईलचं नाव. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर बेळगाव शहराचं नाव बदललं. माझ्या संगणकात तेव्हापासून तीन फोल्डर आहेत: बेळगाव, बेलगाम, बेळगावी. वेळा तिन्हींत आहेत. 2012 ची मुलींची 1500 मीटर मात्र अजून सापडलेली नाही.