लाडका प्लग-इन ठरवण्याआधी

गायकाच्या ट्रॅकवर एखादा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातले चढ-उतार आटोक्यात ठेवणारा प्लग-इन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी प्रणाली), लावावा, तो चालू-बंद करून ऐकावा, चालू असताना गळा अधिक भरदार आणि जवळचा वाटावा आणि त्याच क्षणी तो आपला लाडका प्लग-इन ठरावा, हा अनुभव मिक्सिंग, म्हणजे मुद्रित ट्रॅकांची जुळवणी, करणाऱ्यांना नवा नाही. या पसंतीत प्लग-इनच्या करामतीचा वाटा किती आणि नुसत्या वाढलेल्या आवाजाचा किती, हे मात्र तेव्हा कळत नाही, कारण बरेच प्लग-इन लावताक्षणीच आवाजाची पातळी थोडीशी वर नेतात.

हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे दिसले की, हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवत नेला की मध्यम पट्टीच्या मानाने तो झपाट्याने पुढे येतो. म्हणजे एकही सूर न बदलता केवळ पातळी वाढवली, तरी गाणे भरीव वाटू लागते. ही वाढ मोठी असेल तर ‘आवाज वाढला’ हे आपल्या ध्यानात येते. ती डेसिबलभराचीच असेल, तर मात्र ‘आवाज सुधारला’ असे वाटते, आणि फसगत नेमकी इथेच होते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो दर वेळी नेमाने करावा लागतो. गाण्याच्या त्याच चार ओळी प्लग-इन चालू ठेवून आणि मग बायपास करून (वगळून) लाउडनेस मीटरवर मोजाव्यात, दोन्ही आकडे जुळेपर्यंत आउटपुटचा नॉब कमी-जास्त करावा आणि मगच डोळे मिटून तुलना करावी. चालू-बंद करण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवले तर उत्तमच. ही चाळणी लावल्यावर आवडीची यादी बरीच आखूड होते, असे माझे निरीक्षण आहे.

कॉम्प्रेसर प्रत्यक्षात काय करतो, ते आकड्यांत पाहू. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपासून कॉम्प्रेसर काम सुरू करतो ती, उणे २० डेसिबलवर (डिजिटलमध्ये शून्य ही कमाल पातळी) आणि रेशो, म्हणजे दाबण्याचे प्रमाण, ४:१ ठेवला आहे, असे धरू. गायकाची एक तान उणे ८ पर्यंत चढली, म्हणजे थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर गेली. कॉम्प्रेसर त्या १२ चे ३ करतो आणि तान उणे १७ वर येते. उणे ३० वर असलेल्या हळुवार अक्षराला तो हातही लावत नाही. आता मेक-अप गेन, म्हणजे दाबल्यानंतर सगळ्या आवाजाला द्यायची वाढ, ६ डेसिबल दिला, की तान उणे ११ वर आणि ते अक्षर उणे २४ वर जाते. दोघांमधले २२ डेसिबलचे अंतर १३ वर आले, म्हणून शब्द स्पष्ट झाले. पण त्याच ६ डेसिबलनी गायकाचा श्वास आणि खोलीतली घरघरही वर आली.

हे गणित सगळ्या कॉम्प्रेसरांचे सारखेच असते, तर एका प्लग-इनवर भागले असते. त्यांचा स्वभाव वेगळा ठरतो तो मुख्यतः आवाज दाबायला आणि सोडायला लागणाऱ्या वेळेमुळे. एलए-२ए या जुन्या यंत्रात आवाजाबरोबर उजळणारी एक पट्टी आणि त्या उजेडाने रोध बदलणारा घटक असे. हा घटक आवाज ओसरल्यावर निम्मा चटकन सावरतो आणि उरलेला सावरायला काही सेकंद घेतो, म्हणून लांबलचक सुरांवर त्याची पकड जाणवत नाही. याउलट १९६७ चे ११७६ हे ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र सेकंदाच्या ५० हजाराव्या भागात आवाज दाबू शकते. ड्रमचा ठोका ताब्यात ठेवायला ते उपयोगी, पण बेतशीर न वापरल्यास ठोक्याची धारच बोथट करते. या दोन्ही यंत्रांच्या प्रतिकृती प्लग-इनच्या रूपात भरपूर आहेत, आणि निवड करताना नावाऐवजी हा वेळेचा स्वभाव ऐकावा.

ध्वनिमुद्रण चालू असताना निवडीचा निकष बदलतो. संगणक आवाजाचे नमुने, म्हणजे ठरावीक क्षणांना घेतलेली मोजमापे, गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने १२८ नमुन्यांचा बफर (एक गठ्ठा) म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंदांचा उशीर, तेवढ्यात ध्वनी हवेतून जेमतेम १ मीटर जातो. १,०२४ नमुन्यांचा बफर मात्र २३ मिलिसेकंदांचा, म्हणजे गायकाने स्वतःचा आवाज ८ मीटरवरून ऐकण्यासारखा होतो आणि त्याची लय डळमळते. पुढचा आवाज आधी पाहून घेणारे लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारे) किंवा लिनिअर फेज प्रकारचे ईक्यू (आवाजातल्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारे) या उशिरात आणखी भर घालतात, म्हणून ते मिक्सिंगसाठी राखून ठेवावेत.

रिव्हर्बच्या, म्हणजे खोलीतल्या घुमण्याचा आभास देणाऱ्या साधनांच्या, बाबतीत संगणकाने केलेली मजल मला विशेष थक्क करते. १९५७ मध्ये आलेला ईएमटी १४० हा प्लेट रिव्हर्ब म्हणजे चौकटीत ताणलेला पोलादी पत्रा होता आणि तो हलवायला माणसे लागत. आज कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब एखाद्या सभागृहाचा नोंदवलेला प्रतिसाद (क्षणिक आवाजानंतरचे घुमणे) घेऊन आपल्या ट्रॅकच्या प्रत्येक नमुन्याला त्या प्रतिसादाच्या प्रत्येक नमुन्याने गुणतो. प्रतिसाद २ सेकंदांचा असेल, तर सरळ पद्धतीने सेकंदाला सुमारे ३८९ कोटी गुणाकार होतात. फूरिए रूपांतराच्या (आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांत मोडणाऱ्या गणिताच्या) जलद रीतीमुळे हेच काम साध्या संगणकावर भागते.

सॅच्युरेशनच्या, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा विकृत करणाऱ्या, प्लग-इनमध्ये एक दोष लपलेला असू शकतो. १०,००० हर्ट्झच्या सुरावर सॅच्युरेशन लावले की त्याच्या तिप्पट, ३०,००० हर्ट्झचा हार्मोनिक तयार होतो. पण ४४,१०० नमुन्यांत २२,०५० हर्ट्झपलीकडचे काही मावत नाही, म्हणून तो उलटून १४,१०० हर्ट्झवर येऊन बसतो, आणि या आगंतुकाचे मूळ सुराशी काहीच नाते नसते. झांजांवर येणारी कर्कश कचकच पुष्कळदा यातूनच येते. ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे आतल्या आत जास्त नमुन्यांवर काम करण्याची, सोय असलेला प्लग-इन यासाठीच निवडावा.

ईक्यूवर मात्र फार वेळ घालवू नये. दोन ईक्यूंवर तंतोतंत सारखी वक्ररेषा आखून एकाच ट्रॅकच्या दोन प्रतींवर ते लावावेत, एका प्रतीची ध्रुवता उलटी करून (लाटेचे चढ-उतार अदलाबदल करून) दोन्ही एकत्र वाजवाव्यात. साध्या डिजिटल ईक्यूंच्या बाबतीत पुष्कळदा जवळजवळ शांतताच कानी येते, म्हणजे दोन्ही ईक्यू सारखेच असतात, आणि मग त्या दोहोंतला ज्याचे नॉब हाताला सोयीचे वाटतात तो ठेवून दुसरा काढून टाकायला हरकत नसते.