‘जास्त’ दिसलं की बेरीज?

अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना खास अडचण येणाऱ्या मुलांकडून गणिताच्या शाब्दिक उदाहरणांसाठी अनेकदा ‘जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ असं घोकून घेतात. त्यांना एवढंच झेपतं, असा समज आहे. तो चुकीचा आहे आणि मुलांचं नुकसान करतो.

‘मीनाकडे 12 पेरू आहेत. ते राजूपेक्षा 5 जास्त आहेत. राजूकडे किती?’ मूल ‘जास्त’ हेरतं, 17 लिहितं. उत्तर आहे 7.

आधी आकडे झाकून उदाहरण वाचा. जास्त पेरू कोणाकडे, हे मुलालाच सांगू द्या. मग कागदाच्या दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवा: लांब मीनाची, आखूड राजूची. लांब पट्टीवर 12, तिच्या जादा तुकड्यावर 5, राजूच्या पट्टीवर प्रश्नचिन्ह. बेरीज की वजाबाकी, हे त्यानंतरच विचारा. डावी टोकं नीट जुळवा, नाहीतर फरकच दिसत नाही. दृष्टिहीन मुलासाठी जाड पुठ्ठा घ्या. जादा तुकडा बोटांनी चाचपता येतो.