नाथसागर: टीएमसीच्या पलीकडचं मोजमाप

पाऊस लागला की मराठवाड्यात एकच विचारणा: ‘जायकवाडी किती टक्के?’ जायकवाडी धरणाच्या जलाशयात, म्हणजेच नाथसागरात, पाणी किती, हे रोज छापून येतं. ते कसं आहे आणि त्यात काय वाढतंय, याची चौकशी फार उशिरा सुरू झाली.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. हेतू सिंचनाचा, त्यामुळे हिशेब आकारमानाचा. दरम्यान १९७४ चा जलप्रदूषण कायदा आला. मत्स्योत्पादनाच्या अंगाने बराकपूरच्या केंद्रीय संस्थेने १९७१ पासून देशातल्या जलाशयांचा समन्वित अभ्यास हाती घेतला होता. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडायची तर पाण्यात तिच्यासाठी खाणं किती तयार होतं, हे आधी कळायला हवं ना!

पाणी तपासण्याच्या पद्धती त्याहून कितीतरी जुन्या. विंकलरची १८८८ ची रीत आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत चालते: बाटलीत दोन रसायनं घातली की तपकिरी साका धरतो, साका पांढराच राहिला, तर पाण्यात प्राणवायू नाही म्हणून समजा. गार्डर आणि ग्रान यांनी १९२७ मध्ये याच चाचणीला उजेडातली आणि अंधारातली बाटली जोडली. दोन्ही बाटल्यांतल्या प्राणवायूचा फरक म्हणजे शेवाळाने प्रकाशसंश्लेषणातून केलेली एकूण कमाई.

पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्चीची तबकडी १८६५ ची. काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची. १९७७ मध्ये कार्लसनने त्यावरून तळ्याची सुपीकता, म्हणजे त्यात शेवाळ किती माजतं, हे सांगणारा निर्देशांक मांडला, पण त्याच्यासमोर मिनेसोटाची तळी होती. आपल्याकडे पावसाळ्यात तबकडी हात-दीड हातावर दिसेनाशी झाली, तर तो दोष बहुधा शेवाळाचा नसतो, काळ्या मातीच्या गाळाचा असतो. निव्वळ तबकडीवरून ‘पाणी अतिसुपीक’ असा शेरा मारणं मला तरी पटत नाही. सोबत शेवाळातलं हरितद्रव्य मोजलेलं हवंच.

नाथसागर पसरट आहे. सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं, म्हणजे भरलेला असतानाही सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर. वारा पाणी ढवळतो, तळातली पोषकद्रव्यं वर येतात. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते आणि तिथल्या खताचा उरलेला अंश पुढच्या भरतीत जलाशयातच मिसळतो. म्हणून फेब्रुवारीचा एक नमुना घेऊन वर्षाचा निकाल लावता येत नाही.